अमृतचा पासवर्ड

कुसगावात राजेश्वरीताईच्या घरी इंटरनेट आणलं ते अमृतने, तिच्या पाठच्या भावाने. सात वर्षांपूर्वी खांबावरून तार ओढताना तो स्वतः शिडीवर चढला होता, भिंतीला भोक पाडून राउटर बसवला होता आणि दाजींच्या मोबाइलवर वायफाय चालू करून दाखवलं होतं. दाजी म्हणजे ताईचा नवरा निवृत्ती, रेल्वेतून रिटायर झालेला शांत माणूस. पुढे घराला कॅमेरे लागले, तेही अमृतनेच लावले. वीज गेली तर वायरमनला आणि इंटरनेट गेलं तर अमृतला बोलवायचं, हे त्या घरात कुणी ठरवलं नव्हतं, पण ठरल्यासारखंच होतं. म्हणून त्या रविवारी ताईच्या फाटकाशी बबिताची पांढरी स्कूटर दिसली, तेव्हा अमृतने गाडी लांबच उभी केली आणि बराच वेळ तिकडे बघत राहिला.

बबिता भाजे गावाच्या वर डोंगरात जी वाडी आहे, तिथल्या कान्हूची मुलगी. नऊ वर्षांपूर्वी ती कॉम्प्युटरचा कोर्स करून लोणावळ्यात अमृतच्या दुकानात काम मागायला आली. तारेला टोक कसं बसवायचं इथपासून सगळं त्यानेच तिला शिकवलं. पहिली दोन वर्षं त्याला तिचं कौतुक होतं. वाडीवरची पोर, पण एकदा सांगितलं की पुन्हा सांगावं लागत नाही, असं तो गिऱ्हाइकांना सांगायचा. मग एक दिवस खंडाळ्याच्या एका बंगल्यावरून फोन आला, "अमृतभाऊ, तुम्ही कशाला त्रास घेता, बबिताताईंनाच पाठवा." अमृत हसला आणि त्याने तिला पाठवलं. असे फोन वाढत गेले तसं त्याचं हसणं कमी झालं. तो तिला बाहेरच्या कामाला पाठवेनासा झाला. प्रिंटरची शाई भरायला बसवू लागला. तीही सहा महिने मुकाट्याने शाई भरत बसली आणि मग एका महिनाअखेरीस चाव्या टेबलावर ठेवून गेली. "टिकली न्हाई," असं अमृतने सगळ्यांना सांगितलं. तीन वर्षांत तिने दुकान न घेता, नुसत्या फोनवर आणि स्कूटरवर, निम्मा खंडाळा धरला होता.

आणि आता ती त्याच्या सख्ख्या बहिणीच्या ओट्यावर चपला काढून आत गेली होती.

संध्याकाळी त्याने ताईला फोन लावला.

"कोण आलतं गं घरी?"

"बबिता आलती. मानसीनं बोलावलंतं."

"आन् मी मेलोय का?"

"आसं काय बोलतोस," ताई म्हणाली. "तू मागल्या महिन्यात यिऊन गेलास की. तवापास्नं ह्यांचा कॉम्प्युटर सुरू व्हायलाच अर्धा तास लागतोय. मानसीच्या कंपनीचा कागद आलाय, घरातलं नेटवर्क नीट करून घ्या म्हणून. तू केलंस, ते त्यांच्या तपासणीत नापास झालं. मग पोरीनं काय करावं?"

मानसी ताईची सून. ती हिंजवडीच्या एका कंपनीत होती आणि घरूनच काम करायची. कंपनीने लिहून मागितलं होतं की घरात फायरवॉल चालू आहे, अँटिव्हायरस ताजा आहे, टीव्ही आणि कॅमेरे ऑफिसच्या लॅपटॉपपासून वेगळे आहेत. अमृतने महिन्यापूर्वी येऊन काय केलं होतं, तर दाजींच्या कॉम्प्युटरवर आधीच्या अँटिव्हायरसवर आणखी एक अँटिव्हायरस चढवला होता आणि "आता मुंगीबी आत यायची न्हाई" असं सांगून चहा पिऊन गेला होता.

"मग काय म्हणाली ती?" त्याने विचारलं.

"आज नुसतं बघून गेली. मंगळवारी अकराला मानसीची मोठी मीटिंग हाय, म्हणून गुरवारी ये म्हणलं. तूबी ये गुरवारी. तुझ्यासमोरच ठरू दे काय घ्यायचं ते."

फोन ठेवल्यावर अमृतला जेवण गेलं नाही. बायकोने विचारलं तर पित्त झालंय म्हणाला. बबिता दिवाणखान्यात कुठल्या खुर्चीवर बसली असेल, ताईने तिला कपात चहा दिला असेल की पेल्यात, राउटर बघून ती हसली असेल का, हे सगळं त्याच्या डोळ्यांपुढे येत राहिलं. परक्या बंगल्यावाल्यांनी तिला बोलवावं, ते एक वेळ चालेल. पण ताईने? लहानपणी ताई त्याला पाठुंगळीला घेऊन मळवलीच्या शाळेत जायची. त्या ताईच्या घरात आता आपल्या कामातल्या चुका काढायला ही येणार आणि आपण समोर बसून बघायचं, या विचाराने त्याच्या छातीत नुसतं जळत होतं.

मंगळवारी सकाळी तो दुकानात एकटाच होता. अकराला आठ मिनिटं बाकी असताना त्याने ताईच्या घरचा राउटर स्वतःच्या कॉम्प्युटरवर उघडला.

हे त्याला अवघड नव्हतं. कॅमेऱ्यांची तक्रार आली की उठून कुसगावला जायला नको, म्हणून त्याने बाहेरून आत शिरायची वाट उघडी ठेवली होती. तशी ती त्याने सगळ्याच गिऱ्हाइकांकडे ठेवली होती. पासवर्डही सगळीकडे एकच, दुकानाचं नाव आणि पुढे एक-दोन-तीन. त्याने तो टाकला, राउटरचं पान उघडलं. वेबसाइटचं नाव सांगितलं की तिचा पत्ता शोधून देणाऱ्या सर्व्हरचा, म्हणजे डीएनएसचा, एक नंबर त्यात असतो. अमृतने त्या नंबरातला एक आकडा बदलला आणि पान बंद केलं. वायफायच्या पट्ट्या भरलेल्या दिसणार होत्या, पण एकही साइट उघडणार नव्हती.

त्याने स्वतःला समजावलं, मी काही चोरलं नाही, मोडलं नाही, अर्ध्या तासात जाऊन पहिल्यासारखं करून देणार आहे.

अकरा वाजून पाच मिनिटांनी ताईचा फोन आला. "आरं लवकर ये, समदं बंद पडलंय, मानसी रडकुंडीला आलीय." तो मुद्दाम सावकाश निघाला. पोचला तेव्हा मानसी गच्चीवर होती. घरात मोबाइलच्या नेटला रेंज नव्हती, म्हणून ती गच्चीवर वाऱ्यात उभी राहून, एक कान दाबून धरून फोनवर बोलत होती. "सॉरी, तुमचा आवाज तुटतोय," असं ती पुन्हापुन्हा म्हणत होती.

अमृतने दाजींच्या खुर्चीवर बसून आकडा पूर्ववत केला. मग राउटर बंद करून पुन्हा चालू केला. तो बंद-चालू केला की कोण आलं-गेलं त्याची नोंद पुसली जाते, हे त्याला माहीत होतं.

"झालं बघा," तो म्हणाला.

ताईने सुटकेचा श्वास सोडला. त्याच्यासाठी तिने गरम शिरा केला, वर तूप घातलं आणि पुढ्यात बसून खाऊ घातला. "तू हायस म्हणून," ती म्हणाली. गेल्या कित्येक दिवसांत अमृतला एवढं बरं वाटलं नव्हतं.

"बबितानं रविवारी काय तरी हात लावला असंल," त्याने घास घेताघेता सहज सांगितल्यासारखं सांगितलं. "नवीन माणूस शिरलं की आसं व्हतं."

मानसी जिन्यावरून खाली येत होती. तिचा चेहरा उतरला होता. "त्यांनी सेटिंगमध्ये काही बदललं नाही, मामा. नुसतं बघून गेल्या."

"म्हणायला काय जातंय?" अमृत म्हणाला आणि आणखी शिरा वाढून घेतला.

गुरुवारी तो नवीन शर्ट घालून गेला. दुकानातलं सर्वांत मोठं पॅकेज त्याने पिशवीत घेतलं होतं, पाच कॉम्प्युटरांना चालणारा अँटिव्हायरस. शिवाय फायरवॉलच्या एका वेगळ्या यंत्राचं रंगीत माहितीपत्रक. बबिता आधीच येऊन बसली होती. साधी सुती कुर्ती, मांडीवर लॅपटॉप. त्याला बघून ती उठली.

"बसा, भाऊ."

आपल्याच बहिणीच्या घरात तिने आपल्याला बसा म्हणावं, हेही त्याला टोचलं. त्याने अँटिव्हायरसचा डबा टेबलावर ठेवला. "हे घ्या, सगळ्यांत वरचं हाय. आन् त्याच्या जोडीला हे फायरवॉलचं यंत्र. मोठमोठ्या हॉटेलांत हेच बसवत्यात."

दाजींनी डबा उचलून सगळ्या बाजूंनी बघितला. मग बबिताकडे वळले. "तू काय म्हणतीस?"

"काका, डब्यात वाईट काही नाही," बबिता म्हणाली. "पण तुमच्या कॉम्प्युटरात आत्ताच दोन अँटिव्हायरस चाललेत. हा तिसरा होईल."

"दोन राखणदार असले तर बरंच की," दाजी म्हणाले.

"माणसं असती तर बरं. हे दोघं एकमेकांनाच चोर समजून तपासत बसतात, म्हणून तुमचा कॉम्प्युटर उठत नाही. दोन्ही काढून टाकू. विंडोजमध्ये मुळातच एक येतो, तो चालू ठेवायचा आणि अपडेट आला की टाळायचा नाही. तुमच्या वापराला तेवढा पुरतो. मानसीताईंच्या लॅपटॉपवर कंपनीचा आहेच."

"फुकटातलं," अमृत म्हणाला. "उद्या काय झालं तर कुणाला धरणार?"

"मला धरा, भाऊ." ती शांतपणे म्हणाली आणि पुढे सांगू लागली. राउटर सात वर्षांचा झालाय, बनवणाऱ्यांनी त्याला अपडेट देणं दोन वर्षांपूर्वीच बंद केलंय, म्हणून पैसे घालायचे तर नव्या राउटरवर घाला. फायरवॉल त्यातच असते, घराला वेगळं यंत्र लागत नाही, फक्त ती चालू आहे ना ते बघायचं. टीव्ही आणि कॅमेरे एका वायफायवर, ऑफिसचा लॅपटॉप दुसऱ्यावर. पासवर्ड लांबलचक आणि याच घराचा, दुसरीकडे कुठे न वापरलेला.

दाजी मान डोलवत होते. ताईही ऐकत होती. अमृत ताईच्या तोंडाकडे बघत होता. त्याचं बोलणं ऐकताना ताई नेहमी मधूनच उठून स्वयंपाकघरात जायची. आज ती हलली नव्हती. या पोरीला सांगता येतं, आणि आपल्याला नुसतं करता येतं, हे त्याला तिथे बसल्याबसल्या कळलं आणि त्याचा राग आणखी वाढला.

"आणि एक राहिलं," बबिताचा आवाज जरा बदलला. "बाहेरून आत यायची वाट उघडी होती. रविवारी मी काही बदललं नाही, पण कोण येतं-जातं त्याची नोंद ठेवायला लावली होती. राउटर बंद झाला तरी राहावी म्हणून काकांच्या कॉम्प्युटरवर पाठवत होते."

अमृतने माहितीपत्रक पिशवीत परत ठेवलं.

"मंगळवारी दहा बावन्नला बाहेरून कुणीतरी पासवर्ड टाकून आत आलं. एक सेटिंग बदललं आणि गेलं. त्यानंतर नेट बंद पडलं."

मानसी ताडकन पुढे झाली. "म्हणजे माझ्या मीटिंगच्या आधी? मग हे मला कंपनीला कळवावंच लागेल. नियमच आहे. ते सायबर पोलिसांकडेही जातील."

"चोर व्हता का?" ताईने विचारलं.

"नेलं काही नाही, मावशी."

"कुटला व्हता? कळतं का?"

"ज्या जोडणीवरून आला तिचा नंबर आहे," बबिता म्हणाली. "लोणावळ्यातलाच आहे."

तिने अमृतकडे पाहिलं नाही. ती लॅपटॉपच्या पडद्याकडे बघत राहिली. पण अमृतला सगळं समजलं. दुकानाच्या इंटरनेट जोडणीचा नंबर कायमचा होता, कॅमेऱ्यांच्या कामासाठी त्याने तसा घेतला होता, आणि सहा वर्षं गिऱ्हाइकांच्या प्रत्येक फॉर्मवर तो नंबर बबितानेच लिहिला होता. झोपेतून उठवलं असतं तरी तिने तो म्हणून दाखवला असता. ती नाव घेत नव्हती. त्याच्यासाठी जागा सोडून थांबली होती. तिने सरळ बोट दाखवलं असतं तर त्याला भांडता तरी आलं असतं.

"मीच आलो असंन," तो म्हणाला. "कॅमेरे तपासायला येतो मी अधनंमधनं."

बबिताने पहिल्यांदा मान वर केली. "कॅमेऱ्याच्या पानावर कुणी गेलं नव्हतं, भाऊ. डीएनएसचा आकडा बदललाय."

टेबलावर तो मोठा डबा तसाच पडला होता. मानसी एकदा त्याच्याकडे आणि एकदा बबिताकडे बघत होती. अमृतला वाटलं, अजून काहीतरी सांगावं, दुकानात कुणी दुसरंच बसलं होतं म्हणावं. पण ताईने त्याच्याकडे बघितलं आणि त्याला ते जमलं नाही.

"मी केलं," तो म्हणाला. "तुमी मला बोलवावं म्हणून केलं."

"म्हंजी बंद तूच पाडलंस," ताई हळूहळू म्हणाली, "आन् नीटबी तूच केलंस. आन् नाव हिचं सांगितलंस."

"व्हय."

"मी तुला शिरा करून घातला, आमरत."

एवढंच बोलून ती आत गेली. दाजी उठून ओट्यावर गेले. मानसीचे डोळे भरले होते, पण आवाज करडा होता. "मामा, माझ्या साहेबांनी मला सगळ्यांसमोर सुनावलं त्या दिवशी. मी तुमचं नाव घालणार नाही. पण काय झालं ते लिहून कळवणार."

आतून ताईचा आवाज आला. "नावबी घाल."

अमृतने डबा पिशवीत टाकला आणि तो बाहेर आला. फाटकाशी किती वेळ उभा राहिला त्याचं त्यालाच कळलं नाही. काम आटपून बबिता बाहेर आली तेव्हा त्याने विचारलं, "तितं नाव का घेतलं न्हाईस माझं?"

"तुम्ही घ्याल असं वाटलं." तिने हेल्मेट हातातच धरलं होतं. "आणि मी उपकार केले असं समजू नका. मला राग आलाय. मावशींना तुम्ही सांगितलंत ना, बबितानं हात लावला असेल म्हणून. मानसीताईंनी मला कळवलंय. वाडीवरून येऊन इथं नाव कमवायला मला काय पडलं, ते तुमच्याइतकं कुणी बघितलेलं नाही."

अमृतने पिशवी या हातातून त्या हातात घेतली.

"हाच पासवर्ड अजून किती घरांत आहे?" तिने विचारलं.

"समदीकडं."

"आणि वाटा?"

"उघड्याच हायती."

"पंधरा दिवसांत बंद करा. एकेकाकडे जाऊन. नाही केलंत तर मी घरोघर सांगणार, आणि का सांगतेय तेही सांगणार." तिने हेल्मेट घातलं आणि ती गेली.

तिचा हुकूम मानायचा नाही, असं त्याने घरी पोचेपर्यंत तीनदा ठरवलं. पण दुसऱ्या दिवशी दुकान उघडल्यावर त्याने जुन्या वह्या काढल्या आणि गिऱ्हाइकांची यादी केली. एकशे चौदा नावं निघाली. त्याने स्वतःलाच विचारलं, आपल्यासारखाच एखादा जळका माणूस यातल्या कुठल्या घरात आधीच शिरून बसला असेल तर? त्या विचाराने त्याला पहिल्यांदा खरी भीती वाटली.

तो निघाला. वलवण, तुंगार्ली, खंडाळा, पार कार्ल्यापर्यंत. प्रत्येक घरात जाऊन वाट बंद करायची, नवा पासवर्ड घालायचा, कागदावर लिहून त्यांच्याच हातात द्यायचा. लोक विचारत, काय झालं? आधी तो नवा नियम आलाय म्हणून सांगायचा. पण शालूबाई म्हणून खंडाळ्याच्या एका बंगल्याची राखण करणारी म्हातारी होती. तिने डोळ्याला डोळा भिडवून विचारलं, "म्हंजी इतकी वर्सं तुमी कवाबी आत बघू शकत व्हता?" त्याला खोटं बोलता आलं नाही. "व्हय," तो म्हणाला, "चुकलं माझं." त्यानंतर तो सगळ्यांना खरं सांगू लागला. काहींनी त्याचं काम बंद केलं. त्यातले तिघे बबिताकडे गेले, हेही त्याला कळलं, आणि तो दिवसभर कुणाशी धड बोलला नाही.

ताई बोलेना. त्याने दोन फोन केले, तिने ते दाजींकडे दिले. दाजी फक्त म्हणाले, "जरा जाऊ दे दिवस." मानसीच्या कंपनीने घरची नवी व्यवस्था तपासून पास केली, तेही त्याला दाजींकडूनच समजलं. दाजींचा कॉम्प्युटर आता मिनिटभरात उघडतो म्हणे. ऐकून त्याला बरं वाटायला हवं होतं.

चौदाव्या दिवशी एक घर उरलं. कार्ल्यातला एक जुना राउटर काही केल्या वाट बंद करू देईना. अमृत बंद करायचा, राउटर चालू झाला की ती पुन्हा उघडी. दोन तास त्याने खटपट केली. घरमालक दोनदा येऊन बघून गेला. शेवटी तो अंगणात आला, मोबाइल काढला आणि बऱ्याच वेळाने बबिताचा नंबर लावला.

तिने लगेच उचलला. त्याने राउटरचं नाव सांगितलं, काय होतंय ते सांगितलं.

"त्यात दोन ठिकाणी बंद करावं लागतं, भाऊ," ती म्हणाली. "देखभालीचं म्हणून शेवटी एक पान आहे, तिथंही एक खूण असते. ती काढा आणि मगच सेव्ह करा."

"बरं."

"अजून किती राहिलीत?"

"हे शेवटचं."

"बरं झालं," ती म्हणाली आणि तिने फोन ठेवला.

तो आत गेला. शेवटचं पान त्याने याआधी कधी उघडलंच नव्हतं. खूण तिथेच होती. त्याने ती काढली, राउटर बंद करून चालू केला आणि तपासून पाहिलं. वाट बंद झाली होती. मालकाला नवा पासवर्ड लिहून देताना त्याला वाटत होतं की हे तिला माहीत असायला नको होतं, निदान आपल्याआधी तरी नको होतं. त्याने कागदाची घडी घालून मालकाच्या हातात दिली, पाणी मागून प्याला आणि दुकानाकडे निघाला.